श्रावणभाऊंचं मरण

चंद्रपूरच्या त्या तीन दिवसांच्या शिबिराला जाईपर्यंत माणूस बरा होता, असं कमलाबाई आजही शपथेवर सांगतात. जाताना श्रावणभाऊंना थोडा खोकला होता, तेवढंच. परत आले ते डोक्यात 'मूल्य' भरून आले, आणि हा आजार काढ्याने जाणारा नव्हता.

श्रावणभाऊ म्हणजे वडशाच्या 'नवी पालवी' नाट्यमंडळाचे मालक, लेखक, दिग्दर्शक आणि नायक. वय अठ्ठावन्न, रंगमंचावर मात्र पंचविशीच्या पुढे कधी गेले नाहीत. झाडीपट्टीत धान कापून झाला की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, जिलबी, ऊस, सिंगाडे, रात्री नाटक. गावाच्या कडेला धानाच्या रिकाम्या बांधीत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरायची, समोर रंगमंच उभा करायचा, आणि दहा वाजता वर गेलेला पडदा खाली येईपर्यंत कोंबडा आरवून मोकळा झालेला असतो. वडशात अशा नाटक कंपन्या ओळीने आहेत, कापडाच्या दुकानांसारख्या. 'नवी पालवी' त्यातली जुनी.

तिचं गाजलेलं नाटक एकच, 'उशिरा आला लेक'. बापाच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेला मुलगा शेवटी छातीत सुरा घेऊन घरी येतो, आईच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि 'आईऽऽ' अशी हाक मारून मरतो. त्या हाकेआधी चांगला अर्धा तास बोलतो. मुलगा श्रावणभाऊ आणि आई कमलाबाई. या कमलाबाई त्यांच्या लग्नाच्या बायको, वयाने सहा वर्षांनी लहान, पण कंपनीत दुसरं रडणारं कुणी नव्हतं म्हणून पहिल्या वर्षी आई झाल्या त्या आजवर आईच राहिल्या. घरात नवऱ्याला 'अहो' आणि रंगमंचावर 'माझ्या राजा' म्हणण्याची त्यांना आता इतकी सवय झाली होती की एकदा बाजारात भाजीवाल्यासमोरच त्यांच्या तोंडून 'राजा' निघून गेलं होतं.

सगळं ठीक चाललं होतं, पण गेल्या वर्षी शेजारच्या एका कंपनीने टीव्हीवरची नटी आणली. जंगलातल्या गावांतही मोबाइलवर तिचा फोटो फिरला. आणि पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या चिंचटोल्याचे मुखरूभाऊ, मंडई समितीचे अध्यक्ष, जे वीस वर्षं न विचारता 'नवी पालवी'लाच सुपारी देत आले होते, ते यंदा म्हणाले, "भाऊ, या साली तुमीच. पण पोट्टे म्हणून राह्यले का पुढच्या साली टीव्हीवाली आणू. पाहू."

हा 'पाहू' श्रावणभाऊंच्या काळजात रुतला. चिंचटोला काही मोठं गाव नव्हे, पण आसपासची सगळी गावं चिंचटोल्याने कुणाला बोलावलं ते बघून मग आपलं ठरवत. चिंचटोला गेला की बाकीची गावं एकामागून एक जाणार, आणि 'नवी पालवी'चा पडदा कायमचा माळ्यावर. कमलाबाईंनी तर शिलाई मशीन पुसूनही ठेवलं होतं. म्हणून लहान उद्योजकांसाठी शिबिर आहे, जेवण फुकट आहे असं कळताच भाऊ चंद्रपूरच्या गाडीत बसले.

शिबिरात नागपूरहून आलेल्या एक प्राध्यापकबाई शिकवत होत्या. हुशार बाई. त्यांनी फळ्यावर एक उभी पट्टी काढली. गिऱ्हाईक तुमच्या वस्तूसाठी जास्तीत जास्त जेवढं द्यायला तयार असतं ते वरचं टोक, ती वस्तू बनवायला तुम्हाला येणारा खर्च हे खालचं टोक, आणि मधलं अंतर म्हणजे तुमच्या धंद्याने जगात नव्याने आणलेलं मूल्य. ते वाढवायचं तर वस्तू जास्त हवीशी करा, नाहीतर खर्च खाली आणा. श्रावणभाऊंनी आयुष्यात इतकी सरळ गोष्ट ऐकली नव्हती. आपल्या नाटकात सुद्धा इतकं सरळ काही नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे असं काय आहे, जे गिऱ्हाइकाला हवं आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि कुणाला नक्कल करून जमणार नाही?"

मोहर्लीच्या गेटवरून पर्यटकांना जंगलात फिरवणारा एक जिप्सीवाला पटकन उठून म्हणाला, "वाघ!"

"वाघ गेटवरच्या सगळ्याच जिप्स्यांना दिसतो," बाई म्हणाल्या. "तो तुमच्या एकट्याचा नाही."

जिप्सीवाला हिरमुसून बसला. पापड करणाऱ्या एक बाई लाजत 'माझा हात' म्हणाल्या, त्यांना शाबासकी मिळाली. नंबर श्रावणभाऊंचा आला. ते उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं मरण."

हसू उसळलं, तसे भाऊ तिथेच, दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत मेले. असे मेले की चहा घेऊन आलेला माणूस ट्रे खाली ठेवून धावला. बाईंनी डोळे पुसत फळ्यावर लिहिलं, 'श्रावणभाऊंचं मरण', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघांनी घात केला. तिसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बजावून सांगितलं की गिऱ्हाइकाला नुसतं विचारू नका, ते तुमची वस्तू घेऊन पुढे तिचं काय करतं ते जाऊन बघा. पण तेव्हा भाऊ वर्गात नव्हते. बाहेर व्हरांड्यात जिप्सीवाल्याच्या मोबाइलसाठी पुन्हा एकदा मरून दाखवत होते.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "कमला, मूल्य कुठी आहे ते समजलं मले."

"आंघोळीचं पाणी तापून राह्यलं," कमलाबाई म्हणाल्या. "पयले तिथी जा."

पण भाऊंनी चंग बांधला होता. हंगामाच्या पहिल्या चार गावांत नाटक संपताच ते प्रेक्षकांत उतरले. अंगावर तोच रक्ताचा सदरा, डोळ्यांत काजळ, आणि समोर येईल त्याला विचारायचे, "खरं सांगा, नाटकात तुमाले जास्त काय आवडलं?" आता मला सांगा, छातीत सुरा खुपसलेला माणूस पहाटे पहाटे असा पुढ्यात उभा राहून विचारत असेल तर कुणीही काय म्हणेल? प्रत्येक जण म्हणाला, "भाऊ, तुमचं मरण." एक म्हातारा तर म्हणाला, असं मरण माझ्या सख्ख्या भावाला आलं नाही.

झालं. मूल्य मरणात आहे, बाकी सगळा खर्च आहे, हे भाऊंच्या लेखी सिद्ध झालं. त्यांनी नाटकाची कापणी सुरू केली. नाचणाऱ्या दोघी गेल्या. दुसरं मध्यंतर गेलं. कमलाबाईंच्या पाच गाण्यांतली तीन गेली. दहाला पडदा, एकला मरण, असं घट्ट विणलेलं नाटक तयार झालं. उरलेला खर्च म्हणजे विनोद.

विनोद हा कंपनीचा विनोदी नट, अठरा वर्षांचा जुना. नोकर, दारुडा, पोलीस, डॉक्टर, भटकून आलेला पाहुणा, जे लागेल ते तो व्हायचा. मूळ कथेशी त्याचा काही संबंध नसायचा. कथा दमली की तो यायचा आणि तासभर घालवून जायचा. भाऊंनी त्याला ऑफिसात बसवून चहा दिला आणि फळ्यावरची पट्टी भिंतीवर बोटाने काढून दाखवली.

विनोदने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे भाऊ, मी खर्च आहो का?"

"वाईट नको वाटून घेऊ. धंद्याची गोष्ट आहे."

"समजलं. जयभीम भाऊ," तो म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून गेला. अठरा वर्षांत त्याने कधी चहा टाकला नव्हता. ते भाऊंना खुपलं, पण त्यांनी मनाला समजावलं की शास्त्र म्हटलं की थोडं कठोर व्हावं लागतं.

घरात अर्थातच रणधुमाळी झाली. कमलाबाई म्हणाल्या, "माहे गाणे काऊन काटले? स्वतःचं मरण तं इंचभर कमी नाई केलं!" पेटीवाले म्हणाले, रात्रभराचं नाटक ही आपली परंपरा आहे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि दोघांचाही नेम चुकला होता. खरी गोष्ट कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक होणार तरी कशी? पडद्याच्या मागे राहणाऱ्यांना पडद्याच्या पुढचं कधी दिसलंच नव्हतं.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग चिंचटोल्याला ठरला. हवा बोचरी होती, तणशीवर धुकं उतरत होतं. शंभर-सव्वाशे घरांचं गाव, पण बांधीत मुंग्यांसारखी माणसं. पुढे खुर्च्यांवर जावई मंडळी, मागे गोधड्या, पोती, चादरी पांघरून बाया-पोरं. भाऊंनी पडद्याच्या फटीतून गर्दी पाहिली आणि सुखावले. नाटक असं धावलं की बस. कुठे पाल्हाळ नाही, कुठे थांबा नाही. साडेबाराच्या सुमारास भाऊ छातीत सुरा घेऊन आले, कमलाबाईंच्या मांडीवर अर्धा तास बोलले, बरोबर एकला 'आईऽऽ' ही हाक पार पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली, आणि ते मेले. पडदा पडला.

टाळ्या आल्या नाहीत. आली ती खुडबुड. गोधड्या झटकल्याचा आवाज, गाठोडी बांधल्याचा, 'ऊठ रे, ऊठ, गाडी येते' असं पोरांना हलवल्याचा. आणि जे पूर्ण जागे होते ते हललेच नाहीत. तिथेच बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

भाऊ उठून बसतात तोच मुखरूभाऊ पडदा बाजूला करून आत आले. चेहरा असा की आता कुणाचं तरी दुसरं मरण होणार.

"भाऊ, तुमी मेले!"

"हाव," भाऊ अभिमानाने म्हणाले. "कसं झालं?"

"अजी कसं काय झालं! रात्रीचा एक वाजला, अन् तुमी मेले! आता मी या लोकाइले कुठी ठेवू?" मुखरूभाऊंचा आवाज फाटला. "एकेका घरात वीस-वीस पाहुणे आहेत. भात देला, वांग्याची भाजी देली. निजवू कुठी? गाडी सकाळी येते. जंगलाच्या रस्त्यानं रात्री कोणी जाते का? माह्या पोरीले पाहाले सोयरे आले, ते तिथी थंडीत बसून राह्यले अन् मले विचारून राह्यले का आता काय! गावाचं नाक गेलं भाऊ. अन् पुढच्या सालचं तं..."

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. श्रावणभाऊंना ते पूर्ण ऐकू आलं.

तेवढ्यात बाहेरून कुणी तरी ओरडलं की केसरबाई दिसत नाहीत. केसरबाई म्हणजे मुखरूभाऊंची सत्तरीची आत्या, दरवर्षी मंडईला माहेरी येणारी. सोबत आणखी सात-आठ बाया आणि त्यांची पोरंही नव्हती. गाठोडी घेऊन त्या, गाडी जिथे थांबते त्या फाट्याकडे चालत्या झाल्या होत्या. फाट्याची वाट जंगलातून जाते, आणि त्याच वाटेवर आठवड्याभरापूर्वी वाघाने एक गोऱ्हा मारला होता.

मग काय विचारता! पुढे टॉर्च घेतलेले मुखरूभाऊ, मागे रक्ताच्या सदऱ्यातले श्रावणभाऊ, त्यामागे काठ्या आणि डबे बडवणारी दहा-बारा माणसं. भाऊंचं वय अठ्ठावन्न असल्याचं त्या वाटेने त्यांना प्रत्येक दगडाला सांगितलं. त्यांना वाघाची भीती वाटत होती, पण त्याहून मोठी भीती ही होती की यातलं कुणी कमी भरलं तर ते आपण मारलेलं असेल. खोटं मरता मरता खरं कुणाला मारून बसलो तर?

फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली सगळ्या बाया ओळीने बसल्या होत्या. सुखरूप. पोरं खांद्यावर झोपलेली. केसरबाई गाठोड्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होत्या.

"आत्या! कुठी चालली?" मुखरूभाऊंनी दम खात विचारलं.

"गाडीवर. नाटक सरलं."

"रात्रीचा एक वाजला आत्या!"

"काई पण नको सांगू. भाऊ मेले ना. हाक ऐकली मी. भाऊ मेले म्हणजे उजाडलं."

मुखरूभाऊंनी टॉर्च श्रावणभाऊंच्या तोंडावर मारला. "हे पाह्य, भाऊ जिते आहेत."

केसरबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "मंग ती माय रडली काऊन?"

श्रावणभाऊंनी एक क्षण विचार केला. इथे खरं बोलून उपयोग नव्हता. नाटक संपलं म्हटलं असतं तर म्हातारी उजाडेपर्यंत शेडमधून हलली नसती. "बाई, मी मेलो नाई," ते म्हणाले. "बेसुद पडलो होतो. नाटक बाकी आहे अजून."

"मंग तसं सांगावं ना जी," म्हणत केसरबाई उठल्या, तशा बाकीच्याही उठल्या.

परतीच्या वाटेवर भाऊ त्यांच्या गाठोड्याला हात लावून चालत होते. राहवेना. त्यांनी विचारलंच, "बाई, खरं सांगा. माझं मरण तुमाले आवडते का?"

"हाव तं! लय आवडते," केसरबाई म्हणाल्या. "त्याच्यानं जाग येते."



बांधीत परत आले तर कमलाबाई रंगमंचाच्या शिडीवर पदर खोचून उभ्या. "नाटक बाकी आहे म्हणून सांगितलं म्हणे तुमी. काय बाकी आहे? सगळं तं काटून टाकलं." त्यांचं म्हणणं खरं होतं. उजाडायला अजून चार तास होते आणि हातात होता एक मेलेला नायक, दोन गाणी आणि थंडीने बोटं आखडलेले पेटीवाले. इतक्या रात्रीला पुरून उरेल असा माणूस एकच होता, आणि त्याला भाऊंनी स्वतः घालवलं होतं.

पण मंडई म्हटली की सगळ्यांचे सगळे सोयरे येतात. विनोदची बहीण चिंचटोल्यात दिलेली. तो गर्दीच्या मधोमध, भाच्यांच्या गराड्यात, गोधडीतून नुसतं डोकं बाहेर काढून सिंगाडे सोलत बसला होता. भाऊ माणसांच्या पायांवर पाय देत तिथवर गेले.

"या भाऊ, बसा," विनोद म्हणाला. "सिंगाडा खा."

"विनोद, चाल. रंगमंचावर चाल."

"मी तं खर्च आहो भाऊ."

तो हळूच बोलला, पण आजूबाजूच्या शंभर माणसांनी ऐकलं. बाया गोधड्यांतून वळून बघू लागल्या. भाऊंना वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. पण जमीन धानाची होती, कापून झालेली, कडक. ते तणशीवर मांडी घालून बसले आणि मोठ्याने, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा नटाच्या आवाजात म्हणाले, "चुकलो मी, विनोद. तू खर्च नाई. तुह्याशिवाय रात्र निघत नाई बाप्पा."

विनोदने हातातला सिंगाडा भाचीला दिला. हात पुसले. "येतो. पण मी डॉक्टर बनतो, अन् मी सांगीन तसं पेशंटनं वागायचं. मंजूर?"

मंजूर म्हणण्यावाचून भाऊंकडे काय होतं?

पडदा वर गेला. कुणाचा तरी जुना कोट चढवून, गळ्यात दोरी अडकवून डॉक्टर विनोद आले. त्यांनी नायकाची नाडी बघितली, मग पेटीची बघितली, मग पुढच्या खुर्चीत झोपलेल्या जावयाची बघितली. आणि घोषणा केली, "पेशंट जिता आहे! पण बोलला तं मरते. हालला तं मरते. सकाळपर्यंत चूप! अन् याच्या मायले म्हणा, गाणे म्हण. दवाईच्या ऐवजी दर घंट्याले एक गाणं!"

बांधी हास्याने फुटली. कमलाबाईंनी नवऱ्याकडे असा विजयी कटाक्ष टाकला की त्यावर आणखी एक अंक लिहिता आला असता, आणि कापलेलं पहिलं गाणं सुरू केलं.

अशा रीतीने झाडीपट्टीचा एक नामवंत नायक आपल्याच रंगमंचावर खाटेवर आडवा पडला, तोंड मिटून, तासन्‌तास. करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि नाटक चालू असताना आयुष्यात पहिल्यांदा आपले प्रेक्षक निवांत पाहिले.

नाटक कुणी बघतच नव्हतं. म्हणजे अधूनमधून बघत होते. विनोदने आवाज चढवला की माना वळत, हसत, आणि पुन्हा आपापल्या कामाला लागत. मुखरूभाऊ किटली घेऊन होणाऱ्या सोयऱ्यांना चहा ओतत होते, आणि सोयऱ्यांकडचा मुलगा दोन मावश्यांच्या डोक्यांवरून मुलीकडे बघायची एकही संधी सोडत नव्हता. सासरहून आलेली कुणाची तरी लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, अगदी कमलाबाईंच्या गाण्याच्या आवाजाआड, कुणाला कळू न देता. दोन भाऊ बांधाच्या भांडणापायी एकमेकांना पाण्यात पाहत आले होते, असं श्रावणभाऊंना ऐकून ठाऊक होतं. ते थंडीपायी एका चादरीत शिरले होते आणि आता सरकायला जागा नव्हती. केसरबाई गाठोड्यावर डोकं टेकून घोरत होत्या.

श्रावणभाऊंना दुखलं. चांगलंच दुखलं. पंचवीस वर्षं ते ज्यांच्यासाठी मरत आले, ते सगळे तेव्हा गोधड्यांच्या घड्या घालत होते. पण पडून पडून दुखणंही किती वेळ पुरणार? हळूहळू त्यांना दुसरं दिसू लागलं. चिंचटोल्याने भात स्वतः रांधला, भाजी स्वतः केली. रात्र मात्र गावातल्या कुठल्याच घरात मावत नव्हती, म्हणून ती 'नवी पालवी'कडून घेतली. पाहुण्याला 'जा' म्हणावं लागू नये म्हणून. कंपनी फक्त उजेड आणि आवाज पुरवत होती. त्यातून सोयरीक, समेट, मायलेकींचं बोलणं, हे सगळं माणसं आपलं आपण तयार करत होती. प्राध्यापकबाईंच्या पट्टीचं वरचं टोक इतकं वर होतं, आणि भाऊंनी ते आपल्या छातीतल्या सुऱ्यापाशी शोधलं होतं! आणि ज्याच्या जोरावर ही रात्र निघत होती, कमलाबाईंचं गाणं, पेटीवाल्यांची आखडलेली बोटं, विनोदची न संपणारी बडबड, ते सगळं त्यांनी खर्चात मांडलं होतं. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि आपल्या कंपनीचा एवढा अभिमानही.

कोंबडा आरवला. पूर्वेला थोडं फटफटलं. विनोदने खाटेजवळ येऊन कानात विचारलं, "भाऊ, आता मरता का?"

भाऊ उठले, सुरा नीट बसवला, आणि कमलाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मरायला लागले. तेवढ्यात विंगेतून मुखरूभाऊंचा दबलेला आवाज आला, "भाऊ, थांबा! धुक्यानं गाडी लेट आहे, फोन आला. हाक नका मारू. अर्धा घंटा धरून ठेवा. मुलगी पसंत केली सोयऱ्यानं, आता बोलणी चालू आहेत."

भाऊंनी मरता मरता विंगेकडे बघितलं.

"अन् पुढच्या सालीबी तुमीच या," मुखरूभाऊ म्हणाले. "फक्त विचारून मरत जा."

मग श्रावणभाऊंनी जे मरण धरून ठेवलं, तसं त्यांनी कधी धरलं नव्हतं. आईला बालपणीच्या आठवणी सांगितल्या. गावातल्या विहिरीचं पाणी मागितलं, ते आल्यावर नको म्हटलं. नाटकात न लिहिलेल्या बहिणीचं लग्न लावायची शपथ घातली. समोर कुणी बघत नव्हतं. पोरांच्या डोक्यांवर टोप्या चढवल्या जात होत्या, निरोपाचे हात हातात घेतले जात होते, दोन भाऊ चादरीची घडी कुणी घालायची यावर बोलत होते, निदान बोलत होते.

"मरा ना आता," कमलाबाई अश्रूंच्या आडून पुटपुटल्या. "मांडी बधिर झाली माही."

"गाडी नाई आली," मरणारा मुलगा म्हणाला, आणि त्याने आणखी एक आठवण काढली.

बऱ्याच वेळाने फाट्याच्या बाजूने, धुक्यातून, हॉर्न वाजला. श्रावणभाऊंनी छाती भरून श्वास घेतला आणि 'आईऽऽ' अशी हाक मारली. तिकडे केसरबाईंना जाग आली. त्यांनी गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि पदर सावरला. त्या नीट चालू लागल्याचं किलकिल्या डोळ्याने बघून घेतलं, तेव्हा कुठे भाऊंनी मान टाकली.